पिशवीवरचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जरीपटक्यातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत काचेची एक टाकी आहे. काही वर्षांपूर्वी मी तीत चार मासे सोडले, एक नर आणि तीन माद्या. दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, जंगली माल आहे, कोलकात्याहून आलाय." पिशवीवर एकच शब्द लिहिलेला : ॲपिस्टो.

ॲपिस्टोग्रामा हे दक्षिण अमेरिकेतल्या बुटक्या सिक्लिड माशांचं घराणं. रीगन या शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये त्याला हे नाव दिलं. यात नव्वदच्या वर जाती आहेत. तेव्हा नुसतं 'ॲपिस्टो' म्हणणं म्हणजे पाहुण्याचं फक्त आडनाव सांगण्यासारखं झालं.

नर ओळखायला फार त्रास पडला नाही. पाठीवरच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उंच, शेपटीला दोन टोकं, पोटाकडे बारीक रेषा. हा काकाटुऑइडिस. नावाचा अर्थच काकाकुव्यासारखा! अगासिझी असता तर शेपूट भाल्यासारखी एकटोकी असती आणि अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीत शिरला असता.

खरी पंचाईत माद्यांची. त्या लहान आणि फिक्या. अंडी राखू लागल्या की कितीतरी जातींच्या माद्या सारख्याच हळदीसारख्या पिवळ्या होतात, अंगावर काळे ठिपके उमटतात. शिवाय हे पट्टे-ठिपके मनःस्थितीप्रमाणे बदलतात. घाबरलेला मासा वेगळा दिसतो, रमलेला वेगळा. म्हणून एका फोटोवरून निकाल देऊ नये. पंधरा दिवस शांतपणे बघावं, आणि मासा कुठल्या नदीतला हे आधी विचारावं. माझ्या दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं.

पुढे एका मादीनं कुंडीच्या खापराखाली, छताला अंडी चिकटवली. पिल्लं झाली, घरात आनंद झाला. शेजारचा मुलगा म्हणाला, "अंकल, मला दहा द्या ना." आणि मी अडखळलो. आई त्याच जातीची, की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची? संकर असला, तर माझ्या हातून चुकीचं नाव दहा घरांत जाणार होतं. पुढे त्या घरांतून आणखी शंभर ठिकाणी.

कुणी सुचवलं, फुटाळ्यात सोडून द्या. ते तर मुळीच नको. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तोही सिक्लिडच. आज तो आपल्या किती तलावांत ठाण मांडून बसला आहे, हे कोणताही मासेमार सांगेल.

पिल्लं मी कुणालाच दिली नाहीत. त्या मुलाला मात्र रोज संध्याकाळी बघायला बोलावलं. तो वहीत शेपट्यांची चित्रं काढू लागला. टाकीवर मी चिठ्ठी लावली : 'नर काकाटुऑइडिस. मादी नक्की नाही.'

मित्रहो, नाव माहीत नसणं यात कमीपणा नाही. अंदाजानं नाव देऊन ते पुढे पाठवणं, यात मात्र आहे.