एक कारखाना, एक खतावणी



'कारखान्यातील संगणकप्रणाली' हा विषय कापडबाजारातील श्रोत्यांना परका वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याचे मूळ मागावरच आहे. फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसविली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याच्या एका फेकीचा हुकूम. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. विणकराच्या स्मरणात असलेली नक्षी अशा रीतीने पुठ्ठ्यावर उतरली आणि त्याच माळेची नक्कल दुसऱ्या मागावर चढविली की तेथेही तंतोतंत तीच उमटू लागली. पुढे इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच कल्पना उचलली.

या पुठ्ठ्यांच्या माळेत जे मर्म आहे, तेच आजच्या लक्षावधी रुपयांच्या प्रणालीत आहे. माल कसा करावयाचा याची नोंद एकच असावी, ती खरी असावी आणि सर्व हातांनी तिचाच हुकूम पाळावा. हे सांगावयास सोपे. परंतु जगातील मोठमोठे कारखाने येथेच अडखळले आहेत.

उत्पादनाच्या आखणीचे शास्त्र अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आले. जे. आय. केस या ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम केलेले आणि पुढे आयबीएममध्ये गेलेले जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा विचार सदऱ्याच्या उदाहरणाने चटकन ध्यानी येईल. बाजारात किती सदरे खपतील हा अंदाजाचा विषय आहे; परंतु एक हजार सदरे शिवावयाचे ठरल्यावर गुंड्या किती लागतील हा अंदाजाचा विषय राहत नाही. एका सदऱ्यास नऊ, म्हणजे नऊ हजार. गोदामात तीन हजार आहेत, दोन हजार वाटेत आहेत. तेव्हा मागवावयाच्या चार हजार. पुरवठ्यास तीन आठवडे लागत असतील तर मागणी तीन आठवडे आधी नोंदवावयाची. गणित तिसरीतल्या मुलाचे आहे. परंतु ट्रॅक्टरला सुटे भाग हजारो, त्या भागांना पुन्हा उपभाग, आणि गिऱ्हाईक मागणी रोज बदलणार! तेथे माणसाची बोटे अपुरी पडतात आणि संगणक कामास येतो.

आता गोदामात गुंड्या तीन हजार आहेत असे वही सांगते आणि प्रत्यक्षात त्या बावीसशेच आहेत असे समजा. संगणक आपले गणित अचूक करील, आणि शिवणयंत्रे अखेरच्या आठवड्यात आठशे गुंड्यांवाचून उभी राहतील. म्हणूनच ज्या कारखान्यांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली, त्यांनी वर्षाअखेरच्या एकाच मालमोजणीवर विसंबणे सोडले. रोज थोडे नग मोजावयाचे, महागडे आणि वारंवार लागणारे नग अधिक वेळा मोजावयाचे, आणि फरक आढळल्यास केवळ आकडा न सुधारता तो का पडला हे शोधावयाचे, असा परिपाठ त्यांनी घातला. आपल्याकडे ३१ मार्चला एकदा तागे मोजून 'घट-वाढ' या खात्यात सर्व चुका समर्पण करण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

येथवर झाली तयार मालाच्या उत्पादनाची गोष्ट. नवा माल घडविण्याच्या कामी संगणकाने याहूनही मोठी क्रांती केली. विमानाचे उदाहरण घेऊ. पूर्वी विमानाचे आराखडे कागदावर निघत. दोन आराखडेकारांनी एकाच जागी एकाने नळी आणि दुसऱ्याने तार दाखविली, तर ती टक्कर कागदावर दिसत नसे. म्हणून पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून ती शोधावी लागे. अमेरिकेच्या बोईंग कंपनीने ७७७ हे विमान फ्रान्सच्या दासो कंपनीच्या 'कॅटिया' या प्रणालीवर संपूर्णतः संगणकातच आखले. २३८ पथके एकाच संगणकीय विमानावर काम करीत होती. त्यांत आराखडेकारांबरोबर जोडणी करणारेही होते. प्रत्यक्ष प्रतिकृती केली ती केवळ नाकाकडील भागाची. पहिल्या विमानाचे भाग जोडले तेव्हा अपेक्षित रेषेपासून पडलेला फरक खेळण्यातील पत्त्याच्या जाडीएवढा होता. १२ जून १९९४ रोजी ते आकाशात झेपावले.

तीच प्रणाली युरोपातील एअरबस कंपनीकडेही होती. तरीही ए-३८० या दुमजली विमानाच्या वेळी जे घडले, ते प्रत्येक उद्योजकाने अभ्यासावे असे आहे.

या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आहेत. त्यांची संख्या लाखाच्या घरात. धडाच्या पुढील व मागील भागांत तारा बसविण्याचे काम जर्मनीत हॅम्बुर्ग येथे होई. ते भाग जहाजाने, पुढे नदीतून पडावाने आणि अखेरीस रस्त्याने फ्रान्समधील तुलूझ येथे जोडणीसाठी येत. तुलूझच्या कामगारांनी तारांचे जुडगे जोडावयास घेतले तेव्हा ते काही सेंटिमीटर आखूड भरले! कारण असे की, जर्मनी व स्पेनमध्ये कॅटियाची चौथी आवृत्ती वापरात होती, तर फ्रान्स व ब्रिटनमध्ये पाचवी. दोन्ही आवृत्त्यांचे परस्परांशी नीट जुळत नव्हते. एकीकडे केलेला फेरबदल दुसरीकडे पुरता पोहोचत नसे. त्यातच वजन वाचविण्यासाठी काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमच्या घेतल्या होत्या. त्यांना वळणावर अधिक ऐसपैस वाट लागते, म्हणजेच लांबीही अधिक लागते.

शेकडो जर्मन कामगार तुलूझला येऊन हाताने तारा बसवू लागले. जून २००६ मध्ये विलंब जाहीर होताच मूळ कंपनीच्या समभागाचा भाव एका दिवसात २६ टक्क्यांनी घसरला. जुलैत वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली. ऑक्टोबरमध्ये, २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची तूट येईल असे सांगण्यात आले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या स्वाधीन झाले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, ठरल्या वेळेच्या दीड-दोन वर्षे मागाहून.

प्रणाली बदलणे अशक्य होते काय? मुळीच नाही, प्रश्न मानाचा होता. चार देशांतील भागीदार २००१ साली एका कंपनीत विलीन झाले, परंतु प्रत्येकाने आपली जुनी पद्धत सोडली नाही. चुली एक झाल्या आणि वह्या वेगळ्या राहिल्या, असा हा प्रकार. चार भावांच्या पेढीत हे घडले की काय होते, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको! एअरबसने शेवटी साऱ्यांना एकाच आवृत्तीवर आणले. परंतु आधीच अर्धवट तयार असलेली पंचवीसएक विमाने हातानेच मार्गी लावावी लागली.

मुहूर्ताचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून नव्या प्रणाली घेतल्या आणि त्या जुलै १९९९ मध्ये सुरू केल्या. हीच वेळ हॅलोविन व नाताळच्या मागण्या येण्याची. माल गोदामात पडून होता आणि दुकानांना मिळत नव्हता. दिवाळीच्या तोंडावर दिवाणजी बदलणारा व्यापारी आपल्याकडे तरी विरळा.

या साऱ्यात दुर्लक्षिला जातो तो मागापाशी उभा असलेला माणूस. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि एका कामगारास अनेक माग सांभाळता येत. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांस घेतले, आणि त्याच घराण्याने पुढे टोयोटा मोटारी काढल्या. दोष दडपण्याऐवजी तो तत्क्षणी उघड व्हावा, ही त्या मागाची शिकवण टोयोटाने मोटारींच्या कारखान्यातही पाळली; तेथे कामगारास दोष दिसताच काम थांबविण्याची मुभा असते.

आजच्या यंत्रमागावर बसविलेली प्रणाली माग किती मिनिटे थांबला हे स्वतः टिपते. परंतु का थांबला, हे बहुधा विणकरालाच बटण दाबून सांगावे लागते. ताणा तुटला, बाणा संपला, सूत आले नाही, वीज गेली, यांपैकी एक. त्या नोंदीवरून मजुरी कापली जाणार अशी शंका त्याच्या मनात शिरली, तर तो प्रत्येक वेळी 'वीज गेली' हेच बटण दाबील. मग कांजीत दोष आहे की सूत कच्चे आहे, हे मालकास कधीच कळणार नाही, आणि महिनाअखेरचा सुबक तक्ता निव्वळ खोटा असेल.

म्हणून ज्यास आपल्या कारखान्यात प्रणाली आणावयाची असेल, त्याने विक्रेत्याचे रंगीत माहितीपत्रक पाहण्यापूर्वी एकच जात निवडावी. त्या एका जातीच्या मीटरभर कापडास ताणा किती, बाणा किती, कांजी किती, वाया किती जाते, हे कागदावर लिहावे. महिनाभर रोज सायंकाळी त्या जातीचे सूत व तागे प्रत्यक्ष मोजून वहीशी ताडावेत. ते काम मुनीम, जॉबर आणि विणकर यांनी मिळून करावे. तीस दिवसांत किती दिवस मेळ बसला, तो आकडा घेऊन मग संगणकवाल्यास बोलवावे.