घाणेरीचा सांधा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना दिसणाऱ्या टेकड्या पावसाळ्यात कितीही हिरव्या दिसल्या, तरी त्या हिरवेपणात धावडा, साग, करवंद यांचा वाटा किती आणि घाणेरी, गिरिपुष्प या परक्या वनस्पतींचा किती, हे पाहिल्याखेरीज जंगलाची प्रकृती कळत नाही. स्थानिक झाडोऱ्याला हटवून आपोआप पसरणाऱ्या परक्या वनस्पतीला आक्रमक वनस्पती म्हणतात. नुसते परके असणे हा दोष नव्हे, कारण येथील शेतांत पिकणारा टोमॅटोही मूळचा अमेरिकेचाच आहे.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कोलकात्यात आणली गेली आणि तिची काळी फळे खाणाऱ्या बुलबुलांनी तिच्या बिया रानोमाळ पोहोचवल्या. तिचा जीव खोड आणि मूळ यांच्या सांध्यात, जमिनीच्या पृष्ठभागालगत असतो, म्हणूनच कोयत्याने छाटलेली घाणेरी पहिल्या पावसात नवे धुमारे घेऊन उठते आणि जाळलेलीही तशीच उठते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत सोटमूळ या सांध्याच्या थोडे खाली कुदळीने तोडतात आणि झुडूप उलटे करून, मुळे वर ठेवून, वाळवतात. मूळ सांध्याखाली तोडायचे, वर नव्हे. वर तोडणे म्हणजे छाटणी, आणि छाटणीने झुडूप दाटच होते. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे, मोकळ्या जागेत पवना, मारवेल अशी देशी गवते पेरावीत आणि बुलबुल ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली उगवणारी घाणेरीची रोपे पुढील पावसाळ्यांतही उपटत राहावे.

गिरिपुष्पाची गोष्ट अधिक खेदाची आहे, कारण ते पक्ष्यांनी नव्हे तर माणसांनीच, झटपट वाढते आणि गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून, टेकड्यांवर लावले. खड्डे आणि रोपे मोजून वनमहोत्सव साजरा करणाऱ्यांनी रोप कोणत्या जातीचे आहे, हे आधी विचारायला हवे.

आक्रमक वनस्पतींना आवर घालण्यासाठी आणलेल्या कीटकांविषयी थोडक्यात सांगायचे, तर घाणेरीच्या पानांतील रस शोषणारा एक बारीक कीटक 1941 मध्ये भारतात आणला गेला. तो पाने गाळतो, पण झुडूप मारत नाही. गाजरगवत या आणखी एका आक्रमक वनस्पतीवर 1980 च्या दशकात बंगळुरूत सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पानांची चाळण करतो, मात्र पाऊस सरताच जमिनीत दडून बसतो. तेव्हा भुंग्यावर विसंबून न राहता गाजरगवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.