दुसऱ्याच्या लढाईतली नोकरी

आजचा भाग गावाकडून रेकॉर्ड करतोय, शनिशिंगणापूरमधून. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, आज शनिवार आहे.

परवा इथल्याच एका मित्रानं मला रील पाठवली. "फ्रान्सच्या फॉरेन लिजनमध्ये भरती व्हा, पगार युरोत, वर फ्रान्सचं नागरिकत्व." खाली त्याचा मेसेज: "भावा, खरंय का बघ. एजंट तीन लाख मागतोय." हा पोरगा तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पळतोय, दरवेळी थोडक्यात हुकतो. त्याला नुसतं "नको जाऊ" म्हणायला जीभ रेटेना. मग दोन रात्री वाचत बसलो.

फॉरेन लिजन खरीच आहे. १८३१ मध्ये फ्रान्सनं ती उभी केली, परदेशी माणसांनी फ्रान्ससाठी लढावं म्हणून. आणि तिच्यात एक मोठी भरती झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तीही जर्मनांची!

विचार करा. १९४५ ला जर्मनीचा पराभव झालेला. शहरं पडलेली, पोटाला अन्न नाही, लाखो सैनिक फ्रान्सच्या कैदेत. त्या छावण्यांमध्ये लिजनचे भरतीवाले पोहोचले. पाच वर्षांचा करार, दोन वेळचं जेवण, पगार. कालपर्यंत ज्या फ्रान्सशी लढले, त्याच फ्रान्सचा गणवेश घालून ही माणसं व्हिएतनामला गेली. तिथले लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते आणि फ्रान्सला वसाहत सोडायची नव्हती.

यूट्यूबवर सांगतात की हे सगळे हिटलरच्या एसएसचे लोक होते. तसं नाही. एसएसवाल्यांच्या डाव्या दंडावर आतून रक्तगट गोंदलेला असायचा, लिजनचे डॉक्टर तो शोधायचे. काही जण तरीही घुसले. पण पुष्कळ जण वीस-बावीस वर्षांची, घर नसलेली, काम नसलेली पोरं होती. म्हणजे आपल्याच वयाची.

त्या युद्धात लिजनचे दहा हजारांहून जास्त सैनिक मेले. ७ मे १९५४ ला दिएन बिएन फू पडलं, तेव्हा फ्रेंचांच्या बाजूचे दहा हजारांवर लोक कैद झाले. त्यातले साधारण ३,३०० परत मिळाले. काही जर्मन मात्र बाजू बदलून व्हिएतनामींकडे गेले. एर्विन बोर्चर्स नावाचा नाझीविरोधी माणूस त्यातलाच. त्याला तिकडं 'चिएन सी' म्हणायचे, म्हणजे सैनिक.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लांबचं झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण असाच एक जर्मन आपल्या भागातल्या लढाईत होता.

आमच्या घोडेगावच्या फाट्यावरून हायवे जातो ना, एका बाजूला नगर, दुसऱ्या बाजूला संभाजीनगर. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं आधी नगरचं शहर घेतलं, मग १२ तारखेला किल्ला. तिथून गोदावरी ओलांडून तो औरंगाबादकडे गेला आणि २३ सप्टेंबरला भोकरदनजवळच्या असईला दौलतराव शिंद्यांच्या फौजेशी भिडला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती कोण? अँथनी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा.

गंमत ऐका. हॅनोव्हरचा शासक आणि इंग्लंडचा राजा तेव्हा एकच होता, तिसरा जॉर्ज. पोलमन आधी ईस्ट इंडिया कंपनीकडच्या हॅनोव्हरच्या पलटणीत सार्जंट होता. तिथून पळून तो शिंद्यांकडे आला. म्हणजे असईला तो स्वतःच्याच राजाच्या सैन्याविरुद्ध उभा होता. आणि चांगला लढला! वेलस्ली कैलना नदी ओलांडून बाजूनं आला, तर पोलमननं सगळी रांग फिरवून त्याच्यासमोर उभी केली. इंग्रजांचे पंधराशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. शेवटी शिंदे हरले.

पुढे पोलमनचं काय झालं? तो वाचला आणि पुन्हा कंपनीच्याच नोकरीत गेला. युद्ध सुरू होताना कंपनीनं जाहीरनामाच काढला होता, की शिंद्यांची नोकरी सोडून या, तुमची सोय करू. शिंद्यांकडचे बरेच गोरे अधिकारी त्यावर निघूनही गेले.  आपले बरेच गोलंदाज मात्र तोफांपाशीच मेले.

मी आयटीत आहे. आम्हीपण दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर राबतो, क्लायंट बदलला की टीम बदलते. त्यामुळे पैशासाठी परक्याकडं काम करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण मी उद्या राजीनामा टाकू शकतो, नोटीस पिरियड संपला की मोकळा. सैनिकाला ते जमत नाही. पोलमनला बाहेर पडायला वाट होती, कारण समोरच्यालाही त्याची गरज होती. दिएन बिएन फूच्या खंदकातल्या पोराला ती नव्हती.

आणि हे फक्त इतिहासातलं नाही. २०२४ मध्ये आपल्याकडची पोरं रशियाला गेली होती. एजंटनं सांगितलं, मदतनीसाचं काम आहे. वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सह्या झाल्या आणि पोरं थेट युक्रेनच्या आघाडीवर. काही तिथेच गेली. सीबीआयनं एजंटांवर गुन्हे दाखल केले, पण गेलेलं पोरगं त्यानं परत येत नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं. लिजनची भरती फुकट असते आणि फक्त फ्रान्समध्ये, स्वतः जाऊन होते. म्हणजे तीन लाख मागणारा माणूस तिथंच खोटा ठरला. आणि खरी भरती झाली तरी पहिला करार पाच वर्षांचा. कुठं पाठवायचं, कुणावर गोळी झाडायची, हे तू ठरवणार नाहीस.

त्यानं विचारलं, "मग इथं काय करू?" याचं तयार उत्तर माझ्याकडं नव्हतं. उद्या आम्ही दोघं बसून बाकीच्या भरत्यांचे फॉर्म बघणार आहोत.

आम्ही शिंगणापूरची माणसं, आमच्याकडं घरांना दारं न लावण्याची परंपरा. आत-बाहेर करायला कुणाला विचारावं लागत नाही. पण सहीसाठी कागद समोर आला, तर बाहेर पडायचं दार कुठंय ते आधी शोधा. सापडलं नाही, तर पेन खाली ठेवा.

अशी रील तुमच्याही ग्रुपवर फिरत असेल, तर हा भाग तिथं टाका. भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या!