रेझिस्टर मोजताना
तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असलेला रेझिस्टर १,००० ओहमचा. चौथा पट्टा सोनेरी असेल, तर पाच टक्के फरक चालतो. म्हणजे मल्टीमीटरवर ९५० ते १,०५० मधला कोणताही आकडा योग्यच. सर्किट बंद करून रेझिस्टरचे निदान एक टोक सोडवावे लागते, नाहीतर समांतर जोडलेल्या भागांमुळे आकडा बहुधा कमी दिसतो. मोठ्या मूल्याच्या रेझिस्टरची दोन्ही टोके बोटांत धरणे ही तर नेहमीचीच चूक: शरीराचा रोधही त्यात मिसळतो. एक ओहमखाली मीटरच्या तारांचा रोधच मोजमाप बिघडवतो; तिथे चार तारांची पद्धत वापरतात. खुद्द मीटरचे अंशांकन मुंबईच्या ईआरटीएल (पश्चिम) या सरकारी प्रयोगशाळेत करून मिळते. दुरुस्तीच्या टेबलावर एक टक्क्याचा खात्रीचा रेझिस्टर मोजून पाहिला तरी मीटरचा अंदाज येतो.