झाड कुणाचं, बेडी कुणाची?

(चोपडा इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गांजाची वकिली करायला उभा नाही. मुंबईच्या गोदीत मी माल उतरवतो. चिलमीत विझत गेलेली माणसं रोज बघतो. नशेनं आपल्या वस्त्यांचं कधीच भलं केलं नाही. मला बोलायचंय ते बेडीबद्दल.

माझा बाप याच चोपड्यात सालदार होता. त्याच्या जोडीच्या सालदाराला मी पोलिसांच्या गाडीत चढताना पाह्यलंय. मालकाच्या कापसात गांजाची झाडं निघाली. धाड पडली तेव्हा मालक परगावी, सालदार बांधावर. तो एवढंच म्हणत होता, "भाऊ, माले काय ठाऊक? मालकनी सांगं, मी पानी दिन्हं."

शेत मालकाचं, पीक मालकाचं, बेडी सालदाराची!

आता कायदा ऐका. एनडीपीएस कायदा 1985 चा, दिल्लीचा. कलम 20 म्हणतं, विनापरवाना झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण त्याच कायद्यात कलम 46 पण आहे. आपल्या जमिनीत असं झाड आहे हे ठाऊक असून जो जमीनधारक कळवत नाही, तोही शिक्षेला पात्र. त्या दिवशी बांधावर हे कलम कुणाला आठवलं नाही.

पुढची गंमत बघा. हा कायदा शेंड्याला गांजा म्हणतो. नुसत्या पानाला, बियांना नाही. म्हंजे शेंडा दिल्लीचा, पान राज्याचं! सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात जा, भांग सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते. अलीकडं आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा, विनापरवाना भांग म्हंजे गुन्हा. डोंगर एक, झाड एक. रेघेच्या इकडं गुन्हेगार, तिकडं गिऱ्हाईक.

घटनेत औषधं आणि विषं समवर्ती यादीत आहेत. केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. वर कलम 10 नं औषधापुरती, संशोधनापुरती लागवडीची किल्ली राज्यांच्याही हातात दिलीय. उत्तराखंडनं 2018 साली धाग्याच्या वाणाला परवाने देणं सुरू केलं. तेव्हा 'आमच्या हातात काय आहे?' असं मुंबईच्या मंत्रालयानं आम्हाला सांगू नये.

अमेरिकेत हीच ओढाताण. कॅलिफोर्नियानं 1996 साली औषधी गांजाला मुभा दिली. 2005 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, घरी स्वतःपुरतं झाड लावलं तरी केंद्राची बंदी लागू. तरीही 2012 साली कोलोरॅडोच्या जनतेनं मत टाकून गांजा खुला केला. मग दुकानं निघाली, भांडवल आलं. बंदीच्या काळात तुरुंग भरले होते ते मात्र काळ्या पोरांनी.

म्हणून नुसतं 'खुला करा' म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे: कुणासाठी? उद्या परवाने निघतील. कंपनी कोट घालून येईल अन् आपला सालदार तारखा मोजत बसेल.

मी जिथं राबतो ती गोदी केंद्राची, गेटाबाहेरचा रस्ता राज्याचा. पाठ मोडली की मात्र ती कुणाच्याच यादीत नसते.

आपलं मागणं साधं आहे. धाड पडली की आधी सातबारा उघडा, मग बेडी काढा. व्यसनात बुडालेल्याला कोठडी नको, दवाखाना द्या. अन् परवाना निघालाच, तर पहिला अर्ज सालदाराचा आणि सातपुड्यातल्या आदिवासीचा घ्या.

दिल्ली मोठी की मुंबई, हे त्यांनी खुशाल ठरवावं. आपण विचारत राहायचं, बेडी कुणाच्या हातात?

जय भीम!