खारपाणपट्ट्यातलं गोडं पाणी

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. पावसाळ्यात तटाखाली पाण्याची नुसती धडक असते. पण याच तालुक्यातल्या कितीतरी घरांत प्यायचं पाणी उन्हाळ्यात टँकरनं येतं. कारण विहीर असली तरी पाणी खारं! डाळ शिजता शिजत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो.

मन नदी पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा खारपाणपट्टा पसरला आहे. वान धरणाच्या पाण्यासाठी २०२३च्या एप्रिलमध्ये इथली माणसं हेच खारं पाणी घेऊन नागपूरकडे पायी निघाली होती.

आता पाऊसही लहरी झाला आहे. दिवसचे दिवस खंड पडतो, मग एका रात्रीत शेतं बुडतात. आमच्या काळ्या चिकणमातीत पाणी लवकर मुरत नाही, वरून वाहून जातं. मला वाटतं, उपायही याच मातीत आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत शेततळं खोदलं की पावसाचं गोडं पाणी टिकतं आणि ऐन खंडात कपाशीला, हरभऱ्याला एक ओलित मिळतं. २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची गावं मुद्दाम घेतली, ती याचसाठी. मृगाच्या सरी येण्याआधी आपल्या शेततळ्यातला गाळ तेवढा काढून ठेवा.