पिएत्रो मेन्नेआ : इटलीचा धांवपटू

इटलीच्या दक्षिणेस समुद्रकांठीं बार्लेत्ता नांवाचें गांव आहे. तेथें १९५२ सालीं एका शिंप्याच्या घरीं पिएत्रो मेन्नेआ जन्मला. देह किडकिडीत, धांवपटू म्हणावा अशी अंगकाठी नव्हे. कार्लो व्हित्तोरी या कडक गुरूनें फोर्मिया येथें त्यास वर्षानुवर्षें राबविलें. त्या शिस्तीचें फळ १२ सप्टेंबर १९७९ रोजीं मेक्सिको शहरीं दिसलें : दोनशें मीटर १९.७२ सेकंदांत! तेथील विरळ हवेचें साहाय्य झालें हें खरें. तरी तो जागतिक उच्चांक १९९६ पर्यंत कोणासही मोडवला नाहीं.

पुढील वर्षीं मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत त्याच्या वांट्यास आठवी, अगदीं बाहेरची मार्गिका आली. वळणावर तेथून प्रतिस्पर्धी दिसत नाहींत. वळण संपलें तेव्हां स्कॉटलंडचा ॲलन वेल्स पुढें निघून गेला होता. सरळ वाटेवर मेन्नेआनें पावलापावलानें अंतर तोडलें आणि अवघ्या दोन शतांश सेकंदांनीं सुवर्णपदक जिंकलें. बहिष्कारामुळें अमेरिकेचे धांवपटू आले नव्हते, हें विसरतां येत नाहीं. पण जगाचा उच्चांक आधींच त्याच्या नांवावर होता.

सांघिक शर्यतींतही तो उणा पडला नाहीं. मॉस्कोसच चारशें मीटरांच्या चौघांच्या शर्यतींत ब्राँझ. १९८३ सालीं हेलसिंकीस टिल्ली, सिमिओनातो व पावोनी यांच्या हातून फिरत आलेली काठी अखेरच्या टप्प्यांत नेऊन इटलीस रौप्य.

१९८८ सालीं सेऊल येथें तो पांचव्यांदा ऑलिंपिकांत उतरला. वय छत्तीस. उद्घाटनाच्या संचलनांत इटलीचा ध्वज त्याच्याच हातीं होता. २१ मार्च २०१३ रोजीं रोम येथें त्याचें निधन झालें.